कोण वाचणार? मुंबईतल्या लिप्यांविषयी काऊंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावात आमचं डीटीपीचं दुकान आहे. आधी छापखाना होता. वडील खिळे जुळवायचे, मी की-बोर्ड बडवते, एवढाच फरक. लग्नपत्रिका, शोकसभेच्या नोटिसा, मंडळांचे अहवाल, दुकानांच्या पाट्या, देवळांची आणि चर्चची पत्रकं, सगळं काम येतं. येणारा माणूस भाषा सांगतो: "सिंधीत करा", "कोकणीत करा". वडील मान वर न करता विचारायचे, "कोण वाचणार?" आजोबा वाचणार असतील तर एक लिपी, नात वाचणार असेल तर दुसरी. या शहरात भाषा कळली म्हणून लिपी कळत नाही. लिपी कळली की मात्र माणूस कुठल्या देवासमोर बसतो, कुठल्या शाळेत गेला, त्याच्या आज्याने हिशेब कशात लिहिला, याचा बराच अंदाज येतो. त्यावरून रोज होणारे प्रश्न एकदाचे लिहून ठेवते, म्हणजे दर वेळी चहा गार व्हायला नको.

भाषा आणि लिपी एकच ना? त्यात वेगळं काय?

खिशातली दहाची नोट काढा. मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे. त्यातल्या कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत या चार भाषा देवनागरीत आहेत. कोकणीत 'धा रुपया', मराठीत 'दहा रुपये'. काश्मिरी आणि उर्दू उजवीकडून डावीकडे जातात. आता त्याच पट्टीत सिंधी शोधा. सापडणार नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती १९६७ पासून आहे, नोटेवर अजून नाही.

राज्यघटनेनेही हे दोन शब्द वेगवेगळे ठेवले आहेत. अनुच्छेद २९ मध्ये 'भाषा, लिपी किंवा संस्कृती' जतन करण्याचा हक्क आहे, आणि अनुच्छेद ३४३ नुसतं हिंदी म्हणून थांबत नाही, 'देवनागरी लिपीतील हिंदी' म्हणतो. लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की भांडण पुढे कुठे होणार आहे.

मुंबईत नेमक्या किती लिप्या चालतात?

महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी. मराठी-हिंदीची लिपी एक धरली तर सात लिप्या झाल्या. ही फक्त पालिकेच्या फळ्यावरची मोजणी. दादरच्या गुरुद्वाऱ्यातली गुरुमुखी, मल्याळी समाजांच्या ओणमच्या पत्रिका, सिनेगॉगमधली हिब्रू यात धरलेली नाही. नक्की आकडा हवा असेल तर मला विचारू नका, माटुंग्याच्या बाजारातून भेंडीबाजारापर्यंत पाट्या वाचत चालत या.

बोहरी गिऱ्हाईक गुजराती बोलतं, मग त्यांची पत्रिका अरबीत कशी?

ती अरबी नाही. लिपी अरबी, भाषा गुजराती. दाऊदी बोहरी तिला लिसान-उद-दावत म्हणतात. पाया गुजरातीचा, त्यात अरबी-फारसी शब्दांची भर, आणि लिहायची उजवीकडून. भेंडीबाजारातल्या रौदत ताहेरात, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंच्या समाधीच्या वास्तूत, भिंतींवर आतून अख्खं कुराण कोरलेलं आहे. ज्या समाजाच्या डोळ्यांसमोर ते अक्षर रोज असतं, त्याने लग्नाचं आमंत्रणही त्याच अक्षरात द्यावं, यात मला नवल वाटत नाही.

गंमत पुढे आहे. हीच गुजराती पारशी लिहितात ती गुजराती लिपीत. १ जुलै १८२२ रोजी 'मुंबई समाचार' सुरू करणारे फर्दुनजी मर्झबान पारशी होते, आणि ते पत्र आजही निघतं. पारशांच्या प्रार्थना अवेस्ता भाषेतल्या, त्यांची मूळ लिपी वेगळी, पण घरातलं खोर्देह अवेस्ताचं पुस्तक बहुधा गुजराती अक्षरांतलं. आजीला अवेस्ता भाषेचा अर्थ लागत नसेल, पाठ मात्र अचूक होतो, कारण अक्षर ओळखीचं.

आणि तिसरे खोजे, मूळचे इस्माइली मुसलमान. त्यांच्या गिनानांसाठी, म्हणजे भक्तिगीतांसाठी, खोजकी नावाची वेगळीच लिपी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत त्यांचा स्वतःचा छापखाना खोजकीत पुस्तकं छापत होता. पुढे तेही गुजराती लिपीकडे वळले आणि खोजकी कपाटात गेली. कच्छी बोलणाऱ्यांचंही तेच, लिहायची वेळ आली की गुजराती लिपी.

म्हणजे एकाच बाजारात, एकमेकांना लागून गाद्या असलेले तीन व्यापारी. भाव करताना एकमेकांचं सगळं कळतं. तिघांनी चिठ्ठी लिहिली तर एकाची दुसऱ्याला वाचता येईलच असं नाही. वडील म्हणायचे, व्यापाऱ्याला ते सोयीचंच असतं. मी म्हणते, व्यापारापेक्षा प्रार्थनेचा हात त्यात जास्त आहे.

व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्या कोणालाच का वाचता येत नाहीत?

कारण त्या वाचता येऊ नयेत अशाच लिहिल्या होत्या, निदान परक्याला तरी. महाजनी, सिंधी व्यापाऱ्यांची खुदाबादी, अशा पेढीच्या लिप्यांत काना-मात्रा बहुतेक गाळलेल्या असत. त्यावरचा जुना विनोद तुम्ही ऐकला असेल: पत्र आलं की 'काकाजी अजमेर गये', आणि घरच्यांनी वाचलं 'काकाजी आज मर गये'. रडारड झाली, मुंडण झालं, आणि काकाजी आठ दिवसांनी परत.

सिंधीसाठी देवनागरी वापरायची की अरबी?

या प्रश्नावर आमच्या काऊंटरवर भाऊ-भाऊ भांडलेले मी पाहिले आहेत, म्हणून सावकाश सांगते.

सिंधीला आधी एक अशी लिपी नव्हतीच. व्यापारी एका तऱ्हेने लिहायचे, मुन्शी दुसऱ्या. १८५३ मध्ये इंग्रजांनी बावन्न अक्षरांची अरबी वळणाची वर्णमाला ठरवून दिली. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. शाळा, कचेऱ्या, कविता, वर्तमानपत्रं, सगळं तिच्यात गेलं. हिंदू सिंधीही तीच शिकले. मग १९४७ झालं. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत निर्वासित आले, १९४९ मध्ये तिथेच उल्हासनगर उभं राहिलं. प्रदेश गेला, भाषा तेवढी अंगावर होती. आता ती लिहायची कशात?

एक बाजू म्हणाली, आपण भारतात आहोत, मुलं देवनागरी शिकणारच आहेत, तीच घ्या. दुसरी म्हणाली, आपलं सगळं साहित्य अरबी लिपीत आहे, ती सोडली तर नातवंडांना आपला कवी शाह लतीफ वाचता येणार नाही, सीमेपलीकडच्या सिंध्यांशी पत्रसुद्धा लिहिता येणार नाही. सरकारने १९५० मध्ये देवनागरीकडे कौल दिला, ओरड झाल्यावर दोन्ही लिप्या मान्य केल्या. तेव्हापासून दोन्ही आहेत, आणि उल्हासनगरच्या नव्या पिढीला बऱ्याचदा दोन्ही येत नाहीत. ती मोबाइलवर रोमन अक्षरांत सिंधी लिहिते.

देवनागरीतही सिंधी सरळ बसत नाही. श्वास आत ओढून काढायचे चार आवाज तिच्यात आहेत. त्यांच्यासाठी ग, ज, ड, ब यांच्या खाली आडवी रेघ द्यावी लागते: ॻ, ॼ, ॾ, ॿ. बाळाच्या छठीची एक पत्रिका आमच्याकडे आली होती. आमच्या जुन्या फाँटमध्ये ॿ नव्हता, त्या जागी ठोकळा यायचा. माझ्या मदतनिसाने समंजसपणे साधा ब टाकला. प्रूफ घेऊन आजोबा उन्हातून परत आले. चिडले नव्हते, हसत होते. म्हणाले, "बेटी, ॿार म्हणजे मूल. बार म्हणजे ओझं. तू आमच्या घरी ओझं जन्माला घातलंस." तेव्हापासून सिंधी कामाचं प्रूफ मी वृद्ध माणसाला दाखवल्याशिवाय मशीनवर चढवत नाही. आणि त्या आजोबांनी स्वतःचं नाव मात्र माझ्याकडून पत्रिकेच्या तळाशी अरबी लिपीतच घालून घेतलं. बाकी पत्रिका नातेवाइकांसाठी होती, ती ओळ त्यांच्या कराचीच्या मित्रासाठी.

कोकणी इंग्रजी अक्षरांत का लिहितात? ती देवनागरीत हवी ना?

'हवी' म्हणजे कोणाला, यावर सगळं आहे. कोकणी देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम आणि अरबी-फारसी अशा पाच लिप्यांत लिहिली गेली आहे. मुंबईत त्यातल्या तीन तरी आमच्या काऊंटरवर येतात. सारस्वतांच्या देवस्थानाचं पत्रक देवनागरीत, मंगळुरी कॅथलिकांची काही कामं कन्नड लिपीत, गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींचं सगळं रोमीत, म्हणजे रोमन अक्षरांतल्या कोकणीत.

रोमी म्हणजे इंग्रजी स्पेलिंग नव्हे, हे आधी समजून घ्या. तिचे नियम पोर्तुगीज वळणाचे आहेत. 'श' साठी एक्स. 'ळ' साठी दोन एल. शब्दाच्या शेवटचा अनुस्वार एम घालून दाखवायचा. आमच्या एका होतकरू पोराने ते सगळे एक्स 'चुकीचे' समजून एस-एच करून टाकले होते. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या जत्रेच्या, पत्रिकेची पाचशे प्रतींची रद्दी झाली, ती आम्हीच भरली.

धोबीतलावच्या गल्ल्यांत गोव्याच्या गावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक राहायच्या खोल्या, आहेत. जहाजावर जाणारी, नोकरी शोधणारी पोरं तिथे पत्र्याची पेटी ठेवून राहायची. तियात्र, म्हणजे कोकणी गाण्यांचं नाटक, गोव्याचं म्हणून ओळखलं जातं, पण पहिलं तियात्र झालं ते मुंबईत, १७ एप्रिल १८९२ रोजी. त्याची हँडबिलं, गाण्यांच्या चोपड्या, कादंबऱ्या, सगळा संसार रोमीत. या माणसांनी देवनागरी शाळेत शिकलीच नव्हती. त्यांची शाळा चर्चची.

आणि मग गोव्याचा १९८७ चा राजभाषा कायदा आला. कोकणी राजभाषा झाली, आणि कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी असं ठरलं. कोकणी ही मराठीची बोली नाही, स्वतंत्र भाषा आहे, हे मान्य करून घेण्यासाठी जे एकत्र लढले, त्यांच्यातच नंतर रेघ पडली. रोमीवाले अजून समान दर्जा मागत आहेत. देवनागरीवाल्यांचं म्हणणं असं की पाच लिप्यांत विखुरलेली भाषा कधी उभी राहणार? रोमीवाल्यांचं म्हणणं, भाषा आम्ही जगवली आणि आता आम्हीच निरक्षर? माझं मत विचाराल तर मला दुसऱ्यांचा राग जास्त खरा वाटतो. पण पहिल्यांचं गणित चूक आहे असंही म्हणवत नाही.

मराठी रोमन अक्षरांत लिहिणं हा मराठीचा अपमान आहे का?

फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. हजारो ओव्या, मराठीचं तोंडभरून कौतुक, आणि छपाई रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे गोव्यात नव्हते. तो अपमान असेल तर असा अपमान भाषेला वरचेवर लाभो.

मोबाइलवरच्या 'के-ए-एस-ए आ-हे-स' चा मला राग येत नाही. रोमनमधून परत देवनागरीत येताना जे हरवतं त्याचा येतो. मोबाइलवरच्या रोमनमध्ये ळ नाही, ठ आणि थ एकच, ण आणि न एकच. आमच्या एका गिऱ्हाइकाचं आडनाव काळे. एका कार्यालयाच्या अर्जावर त्यांनी ते इंग्रजीत लिहिलं, संगणकाने त्याचं देवनागरी केलं आणि ओळखपत्रावर 'काले' आलं. बायकोच्या कागदावर 'काळे' होतं. दोघं नवरा-बायको आहेत हे सिद्ध करायला तीन फेऱ्या झाल्या. साठे यांचे 'साथे' होणं तर रोजचं. त्या काकांनी शेवटी मला विचारलं, "बाई, माझ्या आडनावाचा ळ नेमका कोणी खाल्ला?" माझ्याकडे उत्तर होतं, ते ऐकायला कार्यालयात कोणी नव्हतं.

देवनागरी म्हणजे आपलीच ना? हिंदीनेही घेतली एवढंच.

लोकल स्टेशनची पाटी बघा. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन ओळी असतात. दादरला 'दादर' दोनदा लिहिलेलं, एकाच लिपीत, एकाच स्पेलिंगने. बाहेरगावचा पाहुणा विचारतो, चूक झाली का? मग परळला या: वर 'परळ', खाली 'परेल'. वडाळा, वडाला. वांद्रे, बांद्रा. शीव, सायन. लिपी एक, पण ळ आला की मराठी कुठली हे कळतं. माझ्या मते या शहरातला सगळ्यात राजकीय व्यंजन म्हणजे ळ, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.

देवनागरीचं आपलं वळण आपण 'बाळबोध' म्हणायचो, पोरांना कळेल असं. त्यात ल पाकळीचा, श देठाचा, आणि 'दऱ्या'-'पऱ्या' मधला अर्धा र वेगळा. परप्रांतात बनलेला फाँट घेतला की ल-श हिंदी वळणाचे येतात. आमच्याकडचा जुना गिऱ्हाईक लांबूनच सांगतो, "हा ल आपला नाही." त्याला लिपीशास्त्र ठाऊक नसतं, डोळ्याला टोचतं एवढंच.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून वाद झाला, शासनाने २९ जूनला ते निर्णय मागे घेतले. त्या वादात 'लिपी एकच आहे, मुलांना सोपं जाईल' हा मुद्दा पुष्कळदा ऐकला. सहा वर्षांच्या पोराला विचारा. चमच्यातला च आणि चंद्रातला च मराठीत निराळा, दोन्ही लिहायचे सारखे. आता त्याच अक्षराचा तिसऱ्या, हिंदीच्या पुस्तकात पुन्हा एकच उच्चार. लिपी एक असण्याने सोपं होतं की गोंधळ वाढतो, यावर मी पैज लावणार नाही. पण 'सोपं जाईल' हे वाक्य म्हणणाऱ्यांत पहिलीचं मूल घरी असलेले थोडे होते.

दुकानाची पाटी मराठीत हवी, की देवनागरीत?

कायद्याने मराठी, देवनागरी लिपीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानालाही लागू. मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दोन महिन्यांत आम्हाला जेवायला फुरसत नव्हती.

प्रत्यक्षात काय झालं ते पाटी करणाऱ्याला विचारा. 'द बेकिंग स्टोरी', 'अर्बन थ्रेड्स', 'पेट पॅलेस', सगळं मोठ्या देवनागरीत. पालिकेचा माणूस येतो, फूटपट्टी लावतो, जातो. पाटी वाचता येते, पण तिच्यात एकही मराठी शब्द नसतो. माझा आक्षेप नाही, माझा धंदा झाला. फक्त गिऱ्हाईक 'मराठी पाटी करा' म्हणाला की मी हल्ली विचारते, भाषांतर की लिप्यंतर? दहातले नऊ जण गोंधळून बघतात. दहावा, एक इराणी बेकरीवाला, म्हणाला, "आजोबांनी गुजरातीमा पाटी लावली, बापाने इंग्लिशमा, मी मराठीमा. पाव तोच छे."

मोडी पुन्हा का आली?

गेलीच नव्हती, दफ्तरात होती. मोडीचं श्रेय परंपरा देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याला देते. ते खरं असो-नसो, शतकानुशतकं मराठी कारभार मोडीत चालला: सनदा, खतं, जमिनीचे कागद, कुलकर्ण्यांची दफ्तरं. आधी कागदावर आडव्या शिरोरेषा आखून घ्यायच्या आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्यांना अक्षरं लटकवत जायची. दोन शब्दांत फट नाही. ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. जलद लिहायला उत्तम, खिळ्यांत ओतायला तापदायक. छापखाने आले आणि बाळबोध जिंकली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळेतूनही मोडी गेली आणि एका पिढीत आपल्याच आजोबांचा कागद आपल्याला परका झाला.

मग सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. जुन्या नोंदींपैकी कित्येक मोडीत, निजामाच्या मुलखातल्या कित्येक उर्दूत. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. लालबागहून एक तरुण पिवळा पडलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आला होता. मला मोडी जेमतेम येते. बोट ठेवत ठेवत गेले: गाव, शेताचा शीव, आणेवारी, मग आडनावाच्या मागे एक शब्द. तो श्वास धरून उभा. मी म्हटलं, हा 'कु' वाटतोय, पुढचं तज्ज्ञाकडून वाचून घ्या. त्याचं शिक्षण, आरक्षण, घरातली सगळी गणितं त्या एका शब्दाच्या वाचनावर, आणि तो शब्द लिहिणाऱ्या कुलकर्ण्याला घाई होती हे अक्षरावरून दिसत होतं.

मोडी मोबाइलवर टाइप करता येते का?

येते. युनिकोड म्हणजे संगणकातल्या अक्षरांची जागतिक यादी. तिच्या ७.० या आवृत्तीत, २०१४ मध्ये, मोडी दाखल झाली. त्याच आवृत्तीत खोजकी, खुदाबादी आणि महाजनीही आल्या. मशीद बंदरच्या जुन्या पेढ्यांवरच्या लिप्या एकाच दिवशी संगणकात शिरल्या. फाँट मात्र चांगला निवडा, जोडाक्षरं फुटतात.

बेने इस्रायली ज्यू आहेत, मग ते मराठी हिब्रू अक्षरांत का लिहीत नाहीत?

कारण त्यांना वाचणारे शेजारी कोकणातले होते. दिवेकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावं गावांवरून आलेली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. मशीद बंदर स्टेशनातली 'मशीद' म्हणजे हेच, असं मानतात. प्रार्थना हिब्रूत, कीर्तन मराठीत. हो, ज्यू कीर्तन, अभंगाच्या चालीवर मोशेची कथा. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या त्यांच्या हगादामध्ये, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकात, हिब्रूच्या जोडीला मराठी आहे, देवनागरीत. याच मुंबईत ससूनांसारखे बगदादी ज्यू अरबी भाषा हिब्रू अक्षरांत लिहीत होते. धर्म एक, शहर एक, लिपीचं वळण उलटं.

कोकणी मुसलमान घरी मराठीसारखंच बोलतात, मग पाटी उर्दूत का?

शाळा उर्दू माध्यमाची होती म्हणून, आणि मोहल्ल्यातल्या इतरांनीही वाचावी म्हणून. घरात 'कवा आयलास?' आणि पत्रिकेवर 'तशरीफ', यात त्यांना विसंगती वाटत नाही. नव्या पिढीच्या पत्रिका बहुतेक इंग्रजीत येतात.

ब्राह्मीला 'धम्मलिपी' म्हणायचं की नाही?

६ डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलवर या लिपीचे तक्ते मिळतात, आणि लोक ते मनापासून शिकतात. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराच्या जवळ जाऊ दिलं नाही, त्यांनी देशातली सगळ्यात जुनी वाचता येणारी लिपी शिकावी आणि तिच्या नावातून 'ब्राह्म' काढावं, यामागची भावना मला पटते. अभ्यासक आठवण करून देतात की अशोकाच्या लेखांत 'धंमलिपि' हा शब्द त्या लेखासाठी येतो, अक्षरांच्या वळणासाठी नाही. दोन्ही खरं असू शकतं. नाव लोक देतात, शिलालेख नाही.

लेख बघायला दूर जायला नको. सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला, १९५६ मध्ये जवळच भुईगावला नवव्याचा. आणि बोरिवलीला कान्हेरी आहे. तिथले बहुतेक लेख ब्राह्मीत, दानाचे: कोणी पाण्याचं टाकं दिलं, कोणी लेणं. पण नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरलेली नावं आहेत. इराणी वंशाची झरथुष्ट्री माणसं १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये इथे आली, तारखा घातल्या, आपली आणि बापांची नावं कोरली आणि गेली. बौद्ध लेण्यात, कोकणच्या डोंगरात, जिथे ते अक्षर ओळखणारा माणूस मिळणं कठीण.

मी वडिलांना घेऊन गेले होते. गुडघे दुखत होते तरी वर चढले, चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "ओळ सरळ धरलीय."

आमच्या पत्रिकेवर आजोबांचं नाव मोडीत घालून द्याल का?

देऊ. दोन दिवस लागतील. नाव तुमच्या हाताने देवनागरीत लिहून आणा, मोबाइलवरून रोमनमध्ये पाठवू नका. आडनावात ळ, ण किंवा ठ असेल तर त्याच्याभोवती पेनाने गोल करा. सिंधी, रोमी आणि लिसान-उद-दावतच्या कामाला घरातलं एक वडीलधारं माणूस प्रूफ बघायला बरोबर आणा. दुकान सोमवारी बंद असतं.